नेटवर्क ड्रायव्हरच्या चाचण्या रूटशिवाय (लेखांक ६)

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची चाचणी थेट हार्डवेअरशी संबंधित असल्याने लिनक्सवर ती रूट म्हणूनच चालवण्याचा प्रघात आहे. तो दोन कारणांनी घातक आहे. चाचणीतला कोड अजून पारखायचाच असतो. त्यातली एक चूक रूटच्या अधिकारात अख्खी यंत्रणा बिघडवू शकते. शिवाय रूटला परवानग्या जवळजवळ कुठेच अडवत नाहीत, त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला येणाऱ्या अडचणी चाचणीत उघडच होत नाहीत. रूटची खरी गरज असते ती पूर्वतयारीपुरती. डीपीडीके या मुक्त संचावरून हे स्पष्ट होते. २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनचा प्रकल्प असलेल्या या संचातले बरेच ड्रायव्हर कर्नलला वगळून थेट कार्डाशी देवाणघेवाण करतात.

पहिली तयारी कार्डाची. जुन्या यूआयओ पद्धतीत स्मृतीचे भौतिक पत्ते लागतात आणि लिनक्स ४.० पासून ते सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत. म्हणून व्हीएफआयओ वापरावे. लिनक्स ३.६ मध्ये, म्हणजे २०१२ साली आलेली ही सोय आयओएमएमयूच्या आधारे कार्डाला नेमून दिलेल्या स्मृतीबाहेर जाऊ देत नाही. बायोसमध्ये आयओएमएमयू सुरू करून रूटने कार्ड व्हीएफआयओला जोडावे आणि त्या कार्डाच्या गटाची डिव्हाइस फाइल चाचणी करणाऱ्याच्या नावे करावी. संगणक पुन्हा सुरू झाल्यावरही ही मालकी टिकावी म्हणून यूडेव्हचा नियम लिहावा.

दुसरी तयारी ह्यूजपेजेसची. पॅकेटांसाठी २ एमबी किंवा १ जीबीची मोठी पाने आधीच राखून ठेवावी लागतात. ह्यूजटीएलबीएफएस माउंट करतानाच वापरकर्ता, गट आणि परवानगी नमूद केली की त्यात लिहायला रूट लागत नाही.

तिसरी तयारी हमखास विसरली जाते. व्हीएफआयओ कार्डासाठी दिलेली स्मृती जागच्या जागी बांधून ठेवते आणि तिची मोजदाद मेमलॉकच्या मर्यादेत होते. ही मर्यादा तोकडी असेल, तर परवानग्या बरोबर असूनही चाचणी सुरुवातीलाच कोसळते. मर्यादा लिमिट्स फाइलमध्ये किलोबाइटमध्ये वाढवावी आणि नव्याने लॉगिन करून तपासावी.

चौथी बाब तात्पुरत्या फाइलींची. रूटविना चालताना डीपीडीके या फाइली वापरकर्त्याच्या रनटाइम फोल्डरात ठेवते. तो ठरलेला नसेल तर टीएमपीमध्ये. आधी रूटने चालवलेल्या चाचणीच्या फाइली ह्यूजपेजेसच्या फोल्डरात उरल्या असतील, तर त्या हटवाव्यात.

काही ड्रायव्हरांना याहून अधिक लागते. टॅप ड्रायव्हर कर्नलमध्ये नवा इंटरफेस तयार करतो, म्हणून त्याला नेटवर्क प्रशासनाचा अधिकार हवा. तेवढाच अधिकार सेटकॅपने चाचणीच्या प्रोग्रामला देता येतो. तो फाइलीला चिकटलेला असल्याने नव्याने बिल्ड केल्यावर पुन्हा द्यावा लागतो, आणि ती फाइल इतरांना चालवता येणार नाही अशी ठेवावी लागते.

कार्डच उपलब्ध नसेल, तर ह्यूजपेजेस आणि पीसीआय दोन्ही बंद ठेवून नल किंवा रिंगसारख्या आभासी ड्रायव्हरांवर प्राथमिक चाचण्या घेता येतात.

शेवटी निकाल वाचताना सावध राहावे. आवश्यक साधन न मिळाल्यास चाचणी ७७ हा संकेत देऊन थांबते आणि मेसन ही बिल्ड प्रणाली तिची नोंद अपयशी नव्हे, तर वगळलेली अशी करते. म्हणून एकही चाचणी नापास नाही एवढे पाहून समाधान मानू नये. वगळलेल्या चाचण्यांची यादी तपासून प्रत्येकीचे कारण शोधावे. अपेक्षित चाचण्या सामान्य वापरकर्त्याच्या खात्यातून खरोखर चालल्या, तरच मांडणी पूर्ण झाली असे समजावे.