शेजारच्याला समजावताना

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले आणि पदवीचे शिक्षण आसपासच्या गावांच्या आवाक्यात आले. पण बारामती-इंदापूर भागात दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना पुढे विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत वाचावी लागतात. अडते ते विषयात की भाषेत, हे नुसत्या व्याख्यानातून शिक्षकाला कळत नाही.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात विद्यार्थी कुठे अडतात हे वर्गातच ओळखण्याची साधी रीत रुजवली. थोडे शिकवायचे, मग पर्याय देऊन एक प्रश्न विचारायचा.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातला प्रश्न घ्या: खारवट रानात ओल असूनही ऊस का सुकतो? प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे आणि हात वर करायचा. बहुतेकांचे बरोबर असेल तर पुढे जावे. फारच थोड्यांचे असेल तर पुन्हा शिकवावे. मते विभागली असतील, तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे मराठीत वाद घालू द्यावा. क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणे जड जाते, हे नुकतेच उमगलेली मुलगी मैत्रिणीची अडचण शिक्षकापेक्षाही चटकन ओळखते. म्हणूनच ही मिनिटे अनमोल. त्यानंतर पुन्हा हात वर होतात आणि शेवटी शिक्षक इंग्रजी संज्ञेसह उत्तर उलगडतो.