डबा कशात बांधता?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी चौघेजण उलट्यांनी बेजार होऊन माझ्या दवाखान्यात आले. चौघांनीही एकाच कार्यक्रमातला पुलाव खाल्ला होता. पहाटे शिजवलेला तो भात गरम असतानाच खोक्यात बंद केला होता आणि खोकी उघडली दुपारी एक वाजता. कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात. त्यांतील काहींचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

रामवाडी-पेणपासून नागोठणे, धाटाव, रोह्यापर्यंत कारखाने, कचेऱ्या व शिबिरांतून बंद खोक्यातील जेवणाची मागणी असते. घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनी चवीला जपतात. पण खोके, पिशवी किंवा सॉसची पुडी घेताना फक्त भाव विचारला जातो. खरी चूक तिथेच होते.

प्रथम खोके. थर्मोकोलच्या ताटल्या-वाट्या आणि प्लॅस्टिकचे चमचे यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. गरम, तेलकट वा आंबट पदार्थांत प्लॅस्टिकमधील काही द्रव्ये उतरतात, म्हणून पातळ रंगीत पिशवीत आमटी बांधू नये. प्लॅस्टिकचा डबा घ्यायचाच असेल तर त्यावर पेला-काट्याची खूण आणि त्रिकोणात 5 आकडा पाहावा. हे प्लॅस्टिक उष्णता बऱ्यापैकी सोसते. कोरड्या पदार्थांना केळीचे पान केव्हाही उत्तम. चिंच, टोमॅटो, लिंबू असलेले पदार्थ ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नयेत.

वर्तमानपत्राच्या कागदाला 2018 च्या अन्नवेष्टन नियमांनी मनाई केली आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. आपण वाचत आहात तो कागदही त्याला अपवाद नाही. वाचून झाल्यावर यात भजी बांधू नयेत!

आता पुड्या. अगदी लहान पुडीवर तारीख छापण्याची सक्ती नाही. ती मोठ्या खोक्यावर असते. म्हणून सुट्या पुड्या घेऊ नयेत. पूर्ण खोके घ्यावे, त्यावरील तारीख व 14 आकडी परवाना क्रमांक पाहावा आणि शेवटची पुडी संपेपर्यंत ते खोके जपून ठेवावे. फुगलेली, चिकट किंवा गळकी पुडी फेकून द्यावी. घरचे लोणचे द्यायचे असल्यास कोरड्या चमच्याने, झाकणाच्या लहान वाटीत द्यावे. पिशवीला स्टेपलची पिन मारू नये. ती घासात जाते. दोरा बांधावा.

एक गोष्ट विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी मीठ खावे. सॉस, लोणचे, पापड आणि वर मिठाची पुडी असा सरसकट आहेर रक्तदाबाच्या रुग्णाला परवडत नाही. मागेल त्यालाच पुडी द्यावी. लिंबाची फोड पुष्कळदा पुरते, शिवाय खर्चही वाचतो.

आणि भाताचे? वाफ पसरट परातीत जाऊ द्यावी, लगेच भरावा आणि दोन तासांत खाल्ला जाईल असाच वेळ ठरवावा. वेळ लागणार असेल तर 60 अंशांहून अधिक गरम राहील अशा भांड्यात न्यावा आणि तिथेच वाढावा.

त्या चौघांना सलाईन लावून संध्याकाळी घरी पाठवता आले. त्यांच्यात एखादे तान्हे मूल किंवा वृद्ध असते तर ते इतक्यावर निभावले नसते.