जुनी करवत, नवे झाकण

पस्तीस वर्षे हाडांवर करवत चालविलेल्या शल्यचिकित्सकाला निवृत्तीनंतर लाकडावर करवत चालवावीशी वाटली, तर त्यात नवल ते काय! परंतु अडाजणच्या आमच्या घरामागील पडवीत उभी असलेली गोल करवत केवळ हौसेपोटी आलेली नाही. तिची आणि माझी ओळख एका तुटलेल्या बोटापासूनची आहे.

१९९८ साली एका रात्री रांदेरचे एक मिस्त्री डावा हात फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आले. तर्जनीची दोन पेरे गेली होती आणि तुटलेला भाग जोडण्याजोगा उरला नव्हता. मी जखम बंद केली, केसपेपरवर ‘यंत्रामुळे झालेली इजा’ असे तीन शब्द लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. मिस्त्रींच्या कारखान्यात चिखल शिरला. पाणी ओसरल्यावर ते ती करवत भंगारात देत आहेत असे कळले, तेव्हा मी ती भंगाराच्याच भावाने घेतली. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, ज्या यंत्राने त्या बिचाऱ्याचे बोट खाल्ले, ते तुम्ही घरात आणता?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे अनेक वर्षे करवत ताडपत्रीखाली पडून राहिली.

सुरत आज हिरे आणि कापडासाठी ओळखली जाते. पण लाकूडकामातही तिचे नाव जुने आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये येथूनच जहाजबांधणीसाठी मुंबईस गेले. त्यांच्या घराण्याने १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे दहा-अकरा वर्षे खपून २००१ पर्यंत पूर्ववत करण्यात आले. मूळचा माल अस्सल असला की दुरुस्तीचे श्रम वाया जात नाहीत, या भरवशावर निवृत्तीनंतर मी ताडपत्री दूर केली आणि मिस्त्रींना निरोप धाडला.

बिडाच्या जड पाटावरील गंज आम्ही रॉकेल आणि काचकागदाने उतरविला. लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जरचे ऋण टोक त्यांना जोडून गंजमुक्त केले. दांडा हाताने फिरविताच झिजलेल्या सांध्यासारखी करकर ऐकू आली. दोन्ही बेअरिंगे बदलली. मोटारीची वायंडिंग नव्याने भरून घेतली आणि मेगरने तपासली. मग पाते सरळ बसविण्याचे नाजूक काम. पात्याच्या एकाच दातावर खूण करायची, तो दात पुढे आणि मागे फिरवून पाटावरील खाचेपासूनचे अंतर मोजायचे. दोन्ही मापांत केसभरही फरक राहता कामा नये.

सारे जमल्यावर मी समाधानाने म्हणालो, “मिस्त्री, आता अगदी पूर्वीसारखी झाली!”

ते काही वेळ गप्प राहिले. मग आपल्या सुरती गुजरातीत म्हणाले, “साहेब, पूर्वीसारखी नको. हिच्यावर झाकण होते. कामात अडते म्हणून मीच पहिल्या आठवड्यात काढून फेकले.”

बोट कसे गेले, हे मी त्यांना त्या दिवशी प्रथमच विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता!

मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या दहा इंची पात्याचे दात ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात. चिरलेले लाकूड आतील ताणाने मिटले की पात्याला चिमटते. मागचे दात वर उसळत असल्याने ते फळी उचलून चालविणाऱ्याच्या अंगावर फेकतात आणि फळीवर टेकलेला हात पात्यावर जातो. मिस्त्रींचे असेच झाले होते. उपाय साधा आहे. पात्यामागे एक पोलादी पट्टी उभी करायची. ती पात्याच्या अंगापेक्षा जाड, परंतु चिरेपेक्षा किंचित पातळ हवी, म्हणजे चीर मिटत नाही. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये याही पुढचा शोध लावला : पात्यातील सूक्ष्म विद्युत्संकेत त्वचेच्या स्पर्शाने बदलतो आणि पाते सुमारे पाच सहस्रांश सेकंदात थांबते. आमच्या जुन्या करवतीला ती सोय नाही. म्हणून आम्ही पट्टी घडवून घेतली, झाकण बसविले आणि लाकूड पुढे सारण्यासाठी सागाची एक ढकलकाठी केली.

पहिली फळी मिस्त्रींनीच चिरली. अर्धी तर्जनी असलेला तो हात पात्यापासून चांगला दूर होता. त्या फळीचा पाट आमच्या देवघरात आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एकच विनंती आहे. आपल्या दवाखान्यात वा घरी फर्निचरचे काम सुरू असेल, तेव्हा मिस्त्रींच्या करवतीवर झाकण आहे की नाही, एवढे एकदा वाकून पाहावे. नसेल, तर चहा पाजून त्याचे कारण विचारावे. मी हा प्रश्न फार उशिरा विचारला.