आघातानंतरचा तणाव : औषधोपचार आणि संवादोपचार

युद्ध, अपघात, लैंगिक अत्याचार किंवा भूकंपातून माणूस वाचतो. पण काहींच्या डोळ्यांपुढून तो प्रसंग हलत नाही. ते झोपेतून दचकून उठतात, त्या जागा टाळतात, सतत सावध राहतात. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे विस्कटू लागले, की त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली.

औषधांमध्ये सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन ही प्रमुख. मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणाऱ्या या गोळ्यांनी भीती, चिडचिड आणि उदासी कमी होते. गुण यायला काही आठवडे लागतात. मळमळ किंवा लैंगिक इच्छा मंदावणे असे त्रास होऊ शकतात. गोळी बंद केल्यावर काहींची लक्षणे परततात. झोपेसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या मात्र या विकारात टाळाव्यात, कारण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि सवय लागते.

संवादोपचार थेट आठवणीला भिडतो. एडना फोआ यांच्या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात. रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतो आहे अशा भाषेत पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जाऊ लागतो. आठवण क्लेशकारक असली तरी धोका संपला आहे, हे त्याला अनुभवाने उमगते. पॅट्रिशिया रेसिक यांच्या १२ बैठकांच्या पद्धतीत ‘चूक माझीच होती’ यासारख्या समजुती तपासल्या जातात.

अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण विभागांची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे औषधांआधी असा संवादोपचार सुचवतात, कारण त्याचा लाभ उपचार संपल्यावरही टिकतो. तरीही काहींना आठवणींना सामोरे जाणे असह्य होऊन ते उपचार अर्धवट सोडतात. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या दोनशेहून अधिक सैनिकांवरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फोआ यांची पद्धत, सर्ट्रालीन आणि दोन्ही एकत्र अशा तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली.

म्हणून प्रशिक्षित उपचारक मिळत असेल आणि रुग्णाची तयारी असेल, तर संवादोपचारापासून सुरुवात करणे श्रेयस्कर. उपचारक नसेल, जोडीला तीव्र नैराश्य असेल किंवा रुग्णालाच गोळी हवी असेल, तर औषध घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र ते मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सुरू करावे आणि हळूहळू बंद करावे.