उंबराचे फूल असते कोठे?

फार दिवसांनी घरी आलेल्या स्नेह्याला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. उंबराला फूल आलेले कोणी पाहिले नाही, ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात फुलांशिवाय उंबर नाही. आपण ज्याला फळ समजतो त्याच्या आतच ती शेकड्यांनी दडलेली असतात.

आधी नेहमीच्या फुलाची रचना पाहू. जास्वंदीच्या फुलात चार मंडले आढळतात. बाहेर हिरवी निदले, त्यांच्या आत रंगीत पाकळ्या, त्यानंतर परागकण तयार करणारे पुंकेसर आणि सर्वांत आत स्त्रीकेसर. स्त्रीकेसराचे टोक म्हणजे कुक्षी, तिच्याखालील दांडी म्हणजे कुक्षिवृंत आणि तळाशी बीजांडे असलेला अंडाशय. परागकण कुक्षीवर पोचणे म्हणजे परागीभवन. पुढे फलन होऊन बीजांडाचे बी आणि अंडाशयाचे फळ बनते. झाडाला जागचे हलता येत नाही. म्हणून परागकण नेण्याचे काम वारा, पाणी, पक्षी, वटवाघळे आणि मुख्यतः कीटक करतात. रंग, गंध आणि मधुरस ही या पाहुण्यांना दिलेली निमंत्रणेच होत.

उंबराने निमंत्रण दिले ते मात्र एकाच पाहुण्याला. येथे पुष्पासनाचाच पोकळ चेंडू होतो आणि त्याच्या आतील भिंतीवर सूक्ष्म फुले दाटीने उमलतात. टोकाला खवल्यांनी झाकलेले अरुंद छिद्र असते. उंबर फोडल्यावर उडणारी केंबरे आपल्या परिचयाची आहेत. 'उंबर फोडून केंबरे उडवणे' असा वाक्प्रचारही आहे. ही केंबरे म्हणजे फळ नासल्याची खूण नव्हे. गांधीलमाशीच्या गणातील हा इवलासा कीटकच उंबराचे परागीभवन करतो.

चेंडूतील स्त्रीपुष्पे आधी पक्व होतात. त्यांच्या गंधाने आलेली मादी छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख गळून पडतात. सोबत आणलेले पराग ती कुक्षींवर ठेवते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. अंडी घातलेल्या फुलांत तिची पिले वाढतात, उरलेल्यांत बी धरते. काही आठवड्यांनी बिनपंखी नर प्रथम बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, भिंत पोखरून वाट करून देतात आणि मरतात. तोवर पुंपुष्पे पक्व झालेली असतात. त्यांचे पराग छातीवरील खळग्यांत भरून नव्या माद्या उडून जातात.

ही सोयरीक किती घट्ट असते, याचा अनुभव कॅलिफोर्नियातील बागायतदारांनी घेतला. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तुर्कस्तानातून स्मर्ना जातीच्या अंजिराची झाडे आणली. झाडे फोफावली, पण अंजिरे पिकण्यापूर्वीच गळून जात. १८९९ मध्ये या अंजिराचा कीटक तेथे रुजवण्यात यश आले, तेव्हा कोठे फळ हाती लागले.

आपल्या शहरांसाठी यात एक इशारा आहे. केंबराच्या मादीचे बाहेरचे आयुष्य अवघे एक-दोन दिवसांचे. एका झाडावरील उंबरे बहुधा एकाच वेळी पिकत असल्याने तिला बहुतेकदा दुसरे झाड शोधावे लागते, आणि तेही नेमक्या त्याच वेळी स्त्रीपुष्पे पक्व झालेले. त्यासाठी परिसरात बरेच उंबर हवेत. रस्तारुंदीकरणात एक उंबर पडला, की या शृंखलेतील एक कडी निखळते. तांबट, बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळे यांच्या तोंडचा घासही त्याबरोबर जातो. तोडलेल्या उंबराऐवजी भराभर वाढणारे शोभेचे झाड लावून ही भरपाई होत नाही. उंबराच्या जागी उंबरच लावायला हवा. नाही तर उंबराच्या फुलाप्रमाणे उंबरही केवळ म्हणीपुरता उरेल.