प्रसाविकेची अंतिम परीक्षा : सरावाचे महत्त्व

सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येसाठी एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा निकष आहे. तेथे माता-बालकांच्या सेवेचा मोठा भार सहाय्यकारी परिचारिका-प्रसाविकेवर असतो. म्हणूनच तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत लेखी उत्तरांइतकेच प्रात्यक्षिकास महत्त्व आहे.

प्रात्यक्षिकात केवळ पाठांतर अपुरे पडते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी, हे सर्वच विद्यार्थिनी सांगतात. परंतु गोठलेला आइसपॅक काही वेळ बाहेर ठेवून, हलविल्यावर आत पाणी वाजू लागले की मगच तो लसवाहकात ठेवावयाचा, हे सरावानेच अंगवळणी पडते. एरवी काही लसी गोठून निरुपयोगी होतात. बाळ जन्मताच पोटात दुसरे बाळ नाही याची खात्री करून एका मिनिटाच्या आत मातेस ऑक्सिटोसिनचे १० युनिट टोचावे लागतात. हा क्रम चुकला, तर मातेच्या जिवावर बेतू शकते.

यासाठी विद्यार्थिनींनी जोडीजोडीने सराव करावा. एकीने कृती करावी, दुसरीने टप्पे तपासावेत. गावात प्रशिक्षणासाठी येणाऱ्या या मुलींना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी आपुलकीने सहकार्य द्यावे. त्यांच्या सरावाचे फळ अखेर गावालाच मिळणार आहे.