'काशीगाव' या शब्दातला कर्सर
मीरा-भाईंदरमधील काशीगाव हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसत असले, तरी संगणकाच्या स्मृतीत ते सात जागा व्यापते. कारण युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात क आणि त्याचा काना, श आणि त्याची वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक, म्हणजे संकेत, दिलेले आहेत. मराठी मजकुरात कर्सर, म्हणजे पुढचे अक्षर जिथे उमटणार ती लुकलुकती उभी रेघ, नेमका कुठे आहे हे तपासणारा मॅक्रो लिहिताना बरीचशी अडचण या चार आणि सातमधल्या तफावतीतून येते.

मॅक्रो म्हणजे वर्ड प्रोसेसरच्या आतच चालणारा छोटा आज्ञासंच. लिब्रेऑफिस रायटरमध्ये अशा मॅक्रोला दोन प्रकारचे कर्सर उपलब्ध असतात: पडद्यावर दिसणारा व्ह्यू कर्सर पानाचा क्रमांक आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेले स्थान सांगतो, तर न दिसणारा टेक्स्ट कर्सर शब्द, वाक्य किंवा परिच्छेद कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे जाणतो. कर्सर परिच्छेदाच्या आरंभी आहे का, असे विचारायचे असल्यास व्ह्यू कर्सरच्या जागेवर टेक्स्ट कर्सर निर्माण करावा लागतो. कर्सर तक्त्यात किंवा शीर्षपट्टीत असेल, तर टेक्स्ट कर्सर मुख्य मजकुरातून नव्हे, तर त्या तक्त्याच्या घरातील किंवा शीर्षपट्टीतील मजकुरातून निर्माण करावा लागतो, अन्यथा मॅक्रो त्रुटी दाखवून थांबतो.

इथवरचे नियम कोणत्याही भाषेला लागू आहेत. देवनागरीचा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. 'काशिमीरा' या नावातील ऱ्हस्व वेलांटी दिसते श च्या आधी, पण साठवली जाते श च्या नंतर, त्यामुळे पडद्यावरील डावे-उजवे आणि स्मृतीतील आधी-नंतर यांचा मेळ बसत नाही. जोडाक्षरांत गुंता आणखी वाढतो. 'महाराष्ट्र' या शब्दात दहा संकेत आहेत, कारण ष्ट्र मधील दोन्ही हलन्त चिन्हेही मोजली जातात. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार या शब्दाचे सहा तुकडे पडत, म्हणजे मराठी वाचक ज्याला एकच अक्षर मानतो त्याच्या पोटात कर्सरला थांबण्याची मुभा होती, आणि ही उणीव २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत दूर झाली, ही मराठीच्या दृष्टीने मोलाची सुधारणा होय. 'आचाऱ्यास' मधील अर्धा र तर दोन रीतींनी टंकता येतो; त्यांपैकी एकीत न दिसणारे जोडचिन्ह शिरते, म्हणून सारख्याच दिसणाऱ्या शब्दांची लांबी एकदा आठ, तर एकदा नऊ भरते.

यामुळे 'डावीकडचा एक वर्ण वाच' अशी आज्ञा देणारा मॅक्रो इंग्रजीत बिनचूक चालतो, पण काशीगावच्या गा नंतर उभ्या असलेल्या कर्सरपाशी त्याच्या हाती ग न लागता सुटा काना लागतो, आणि कर्सर व्यंजनानंतर आहे की नाही हा निर्णय चुकतो. संकेत मोजून अक्षराची सीमा ठरवणे म्हणूनच टाळावे. लिब्रेऑफिसमध्ये ब्रेक इटरेटर नावाची सुविधा आहे. तिला मजकूर, त्यातील स्थान आणि 'मराठी, भारत' ही भाषाखूण दिली, की संकेतागणिक न सरकता पुढच्या पूर्ण अक्षराची सीमा शोधून देण्यास सांगता येते, मात्र जोडाक्षर अखंड राहील की नाही हे लिब्रेऑफिसच्या त्या आवृत्तीत युनिकोडचे कोणते नियम अंगीकारले आहेत यावर अवलंबून असते.